पोट उघडून की दुर्बिणीतून? दोघी बहिणी, दोन वेगळी ऑपरेशनं

माझी गर्भपिशवी ओपन ऑपरेशन करून काढली आणि माझ्या धाकट्या बहिणीची दुर्बिणीतून, तेही काही महिन्यांच्या अंतराने. त्यामुळे दोन्ही प्रकार मी जवळून बघितलेत, एकदा कॉटवर झोपून आणि एकदा कॉटशेजारच्या खुर्चीत बसून. आणि ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "अगं आता दुर्बीण आलीय ना, मग तू का पोट फाडून घेतलंस?" जणू डॉक्टरांनी मला जुना माल गळ्यात मारला. बहिणीला उलटं ऐकायला मिळायचं, "तुझं काय बाई, छोटंसंच तर होतं." दोन्ही ऐकून इतका वैताग आला की म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

आधी माझं सांगते. पिशवीत फायब्रॉइडच्या गाठी होत्या, एक नाही, बऱ्याच. पाळीत इतकं अंगावरून जायचं की गडद रंगाशिवाय दुसरे कपडे घालायची हिंमत नव्हती, गुठळ्या पडायच्या, एक जिना चढला की धाप. हिमोग्लोबिन ७.८ वर आलेलं. रक्तस्राव कमी करायच्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या झाल्या, हार्मोनच्या गोळ्या झाल्या, ती हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू असते तीसुद्धा बसवून झाली, पण गाठींमुळे आतली जागाच वेडीवाकडी झालेली त्यामुळे ती आपणहून बाहेर पडली. मग एमआरआय. पिशवीचा साईज डॉक्टर लोक गरोदरपणाच्या आठवड्यांत सांगतात, माझ्या रिपोर्टात २० आठवडे लिहिलं होतं, म्हणजे पाचव्या महिन्यातल्या बाईएवढी, बेंबीला टेकलेली. त्यात माझे दोन सिझर झालेले.

बहिणीचा त्रास बाहेरून बघितला तर तोच, पाळीत खूप जाणं आणि दुखणं, पण आतलं प्रकरण वेगळं. तिला ॲडेनोमायोसिस होतं. म्हणजे पिशवीचं आतलं अस्तर पिशवीच्या स्नायूतच शिरतं आणि अख्खी पिशवी जाड, जड होऊन बसते, गाठ काढावी तशी नुसतं तेवढंच काढून टाकता येत नाही. साईज मात्र १० आठवड्यांचा, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, पोटावर आधीचा एकही टाका नाही, फक्त एका ओव्हरीवर चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ. आता नुसतं एवढं वाचूनच एखादी गायनॅकची डॉक्टर सांगेल की हिचं दुर्बिणीतून आणि तिचं बहुतेक ओपन. पण हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत होतं.

मला पहिल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ओपन करू. मी अर्थातच नाराज, दुसरीकडे गेले. तिथले सर म्हणाले, दुर्बिणीतून होईल, पण काही गोष्टी आधी समजून घ्या. हे सर मला आवडले ते याच्यासाठी, की त्यांनी "हो" म्हणताना त्याची दुसरी बाजूही तितक्याच वेळ घेऊन सांगितली.

त्यांनी कागदावर चित्र काढलं. दुर्बिणीत पोटावर तीन-चार छोटी भोकं, पाच ते दहा मिलिमीटरची. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात म्हणजे आत बघायला आणि काम करायला जागा होते. रक्तवाहिन्या बंद करतात, पिशवी सगळीकडून मोकळी करतात, इथपर्यंत सगळं ठीक. पण मोकळी झालेली पिशवी बाहेर कुठून काढणार? नेहमीच्या साईजची असली तर खालून, योनीमार्गातून आख्खी ओढून काढतात. माझी २० आठवड्यांची. ती निघायची तर आत तुकडे करावे लागणार. पूर्वी त्यासाठी मशीन सर्रास वापरायचे, फिरतं पातं असलेलं. २०१४ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, त्याच्याबद्दल इशारा दिला, कारण फायब्रॉइड समजून काढलेल्या गाठीत क्वचित सार्कोमा नावाचा कॅन्सर लपलेला असतो आणि तो ऑपरेशनआधी खात्रीने ओळखता येत नाही. तुकडे करताना तो पोटभर पसरू शकतो. एफडीएचा तेव्हाचा अंदाज होता साधारण ३५० बायकांत एक, बाकी काही अंदाज याच्या बरेच खाली आहेत, पण वय वाढतं तसा धोका वाढतो एवढं नक्की. आता तुकडे करायचेच असतील तर पोटात आधी एक वेगळी बंद थैली सोडून त्या थैलीच्या आत करतात. करता येतं, फक्त एवढ्या मोठ्या साईजला वेळ खूप लागतो.

आणि दुसरं म्हणजे माझे सिझर. सिझर झालं की पिशवीला पुढून मूत्राशय चिकटून बसायची शक्यता असते, ते सोडवताना इजा होऊ शकते, ओपनमध्येही होऊ शकते. पण एकूणच बघितलं तर लघवीच्या मार्गाला इजा होण्याचं प्रमाण दुर्बिणीत ओपनपेक्षा थोडं जास्त असतं, हेही त्यांनीच सांगितलं. त्याच्या बदल्यात जखमेत पू होणं कमी, रक्त कमी जातं, बाई लवकर हिंडू-फिरू लागते.

मी त्यांना विचारलं, सर, एवढ्या साईजच्या तुम्ही किती करता आणि त्यातल्या किती मधेच ओपन कराव्या लागतात? जरा उद्धट वाटलं विचारताना, पण ते अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, लहान आणि मध्यम साईजच्या भरपूर करतो, एवढ्या मोठ्या आणि वर दोन सिझर झालेल्या फार नाही, आणि तुमच्या केसमध्ये ओपनवर जावं लागायची शक्यता मी नाकारणार नाही. झालं, माझं तिथेच ठरलं. आधी दोन-तीन तास दुर्बीण आणि मग शेवटी पोट उघडायचंच, त्यापेक्षा नीट दिसेल असं सरळ उघडूनच करा. (दुसऱ्या एखादीला याच आकड्यांवर दुर्बीण योग्य वाटेल, असा हात बसलेला सर्जन मिळाला तर तेही चुकीचं नाही.)

एक तिसरा रस्ताही असतो, त्याचं नावच कोणी काढत नाही. पोटाला हातच न लावता सगळं खालून, योनीमार्गातून. पोटावर एकही टाका नाही. जिथे जमण्यासारखं असेल तिथे तोच पहिला विचारात घ्यावा असं तज्ज्ञांच्या संस्थाही म्हणतात, आणि जमत नसेल तर मग दुर्बीण आणि मग ओपन. बहिणीला तो जमला असता, पण तिच्या सिस्टमुळे आत कॅमेऱ्याने बघणं गरजेचं होतं म्हणून दुर्बीण. आणि रोबोटिकबद्दल विचारणाऱ्यांसाठी, रोबोट स्वतः काही करत नाही, सर्जन बाजूला बसून त्याचे हात चालवतात, बाईच्या दृष्टीने भोकं तीच आणि बरं होणंही साधारण तसंच. बिल मात्र वेगळं.

आणखी एक, जे मला नंतर कळलं आणि "दुर्बीण म्हणजे कधीही भारीच" म्हणणाऱ्यांना मी आता हमखास ऐकवते. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असेल तर जे मोठं रॅडिकल ऑपरेशन करतात, त्यात २०१८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय मासिकात आलेल्या अभ्यासात ओपन झालेल्या बायका जास्त जगल्या, दुर्बीण-रोबोटवाल्यांमध्ये कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त निघालं. कोणाला वाटलं नव्हतं असं निघेल. अर्थात ती गोष्ट कॅन्सरची, आमच्यासारख्या कॅन्सर नसलेल्या दुखण्यांना ती लागू नाही.

तर ओपन ठरलं, पण लगेच नाही, आधी रक्त वाढवायचं. लोहाची सलाईन लावली आणि सोबत पाळी तात्पुरती बंद करणारं इंजेक्शन, ज्याने गाठीही थोड्या आकसतात. त्या इंजेक्शनने मला भर थंडीत घामाच्या धारा, रात्री पांघरूण काढ, परत घे, परत काढ. नवरा म्हणाला हे ऑपरेशनपेक्षा भारी आहे. पण पाळी थांबली, हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं आणि कित्येक दिवसांनी जिना चढून वर जाऊन मी बोलू शकले.

भूलतज्ज्ञांची तपासणी दोघींचीही तीच. ईसीजी, छातीचा एक्सरे, तोंड किती उघडतं, दात हलतो का, कशाची ॲलर्जी. सहा तास आधी खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. सहीचा फॉर्म मात्र दोघींचा वेगळा. तिच्यात स्पष्ट लिहिलेलं, गरज पडल्यास पोट उघडून ऑपरेशन पूर्ण करण्यास माझी संमती आहे. हे वाचून ती घाबरली, मला म्हणाली "ताई, हे म्हणजे मग काही खरं नाही." तिच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, मधेच ओपन करावं लागलं तर ते ऑपरेशन फसलं असं नसतं, रक्तस्राव किंवा चिकटलेलं काही दिसलं आणि तरी हट्टाने दुर्बिणीतच करत बसलं तर ते फसणं. मला हे फार पटलं.

ऑपरेशनच्या वेळेचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं. माझं ओपन साधारण दीड-पावणेदोन तासात झालं. तिचं "छोटंसं" त्याच्यापेक्षा बराच वेळ चाललं, बाहेर आई नुसती येरझाऱ्या घालत होती, "एवढा वेळ का, काही झालं का." काही झालं नव्हतं. दुर्बिणीला वेळ जास्तच लागतो. शिवाय तिला पूर्ण भूलच द्यावी लागते, कारण पोटात गॅस भरलेला आणि टेबल डोक्याकडून खाली झुकवलेलं, म्हणजे आतडी वरच्या बाजूला सरकतात आणि ओटीपोट मोकळं होतं. मला पूर्ण भूल होती आणि शिवाय पाठीत एपिड्युरलची बारीक नळी ठेवली होती, नंतरच्या दुखण्यासाठी. ती नळी ज्याने शोधली त्याला माझा नमस्कार.

माझा काप जुन्या सिझरच्या खुणेवरच घेतला, थोडा वाढवून. बिकिनी काप म्हणतात त्याला, मूळचा तो फानेनश्टील नावाच्या जर्मन डॉक्टरांचा, १९०० सालचा. म्हणजे पद्धत सव्वाशे वर्षांची जुनी, खरंय, पण अजून वापरतात ते काहीतरी कारणानेच ना.

पहिली रात्र नळीमुळे बरी गेली. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, लघवीची नळी काढली आणि सिस्टर म्हणाल्या चला उठायचं. सरळ बसायला गेले तर पोट धड उठूच देईना. मग त्यांनी शिकवलं, आधी गुडघे वाकवा, मग आख्खं अंग एका कुशीवर, मग पाय कॉटच्या खाली सोडा आणि त्याच वेळी कोपराने वर रेटा, पोटाचा वापरच करायचा नाही. खोकला आला की उशी पोटावर घट्ट दाबून धरायची. माझी ती उशी घरी आल्यावरही बरेच दिवस सोबत होती, आणि हसायला यायचं तेव्हा तर हमखास लागायची, म्हणून मी सगळ्यांना विनोद करायची बंदी घातलेली. पायात ते घट्ट मोजे आणि पोटात रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, पायात गुठळी होऊ नये म्हणून. आणि दर राउंडला एकच प्रश्न, "गॅस सुटला का?" आयुष्यात इतक्या लोकांना या गोष्टीत कधी रस नव्हता.

बहीण तर त्याच संध्याकाळी उठून बाथरूमला जाऊन आली. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. पण मग रात्री तिचा उजवा खांदा दुखायला लागला, इतका की ती म्हणे ऑपरेशन पोटाचं केलंय की खांद्याचं. आधी मला वाटलं टेबलवर अवघडली असेल. सिस्टरांनी सांगितलं, आत राहिलेला गॅस वर जाऊन पोट आणि छातीमधल्या पडद्याला त्रास देतो, त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. उठून बसली की वाढायचं, आडवी झाली की कमी. चालत राहा आणि शेक घ्या, एवढाच उपाय, आणि दोन-तीन दिवसांत गेलंच ते. घसाही बसलेला, श्वासाच्या नळीमुळे, आणि पोट असं फुगलेलं की घरून आणलेली पॅन्ट चढेना. पोटावरचे टाके मात्र तिला जवळजवळ जाणवतच नव्हते. दुसऱ्या दिवशी घरी.

मी तिच्यापेक्षा जास्त दिवस हॉस्पिटलला होते आणि घरी आल्यावरही पहिले दोन आठवडे कुठेही जायचं म्हणजे भिंतीला धरून, कमरेत वाकून. तिसऱ्या आठवड्यात ती लॅपटॉप उघडून बसलेली होती, मी त्या टप्प्यावर दुपारची झोप सोडून काही करायच्या लायकीची नव्हते. हा फरक खरा आहे आणि मोठा आहे, ओपनची बाजू घेताना तो लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना जमण्यासारखं आहे त्यांनी दुर्बीण किंवा खालून करून घ्यावंच.

पण गोम पुढेच आहे. पिशवी आणि पिशवीचं तोंड काढलं की योनीमार्गाचा वरचा भाग उघडा राहतो, तो टाके घालून बंद करतात. हे टाके ओपनमध्येही असतात आणि दुर्बिणीतही, तेवढेच आणि तिथेच. पोटावर तीन टिचभर पट्ट्या असल्या म्हणून ते आतले टाके लवकर भरत नाहीत. उलट ते आतून उसवायचं प्रमाण, तसं दुर्मीळच, पण दुर्बिणीत थोडं जास्तच बघायला मिळतं. आता मी, वाकून चालणारी, माझ्याकडून घरात कोणी पाण्याची बादलीसुद्धा उचलून घेणार नाही. आणि ती ताठ चालतेय, हसतेय, फोनवर ऑफिसच्या लोकांना झापतेय, म्हटल्यावर सगळ्यांच्या डोक्यातून निघूनच गेलं की हिचं महिन्यापूर्वीसुद्धा नाही, परवा ऑपरेशन झालंय. सासरचे येऊन राहिले, ही उठबस करतेय, लहान मूल कडेवर घे म्हणून तिच्याकडेच दिलं. मग एक दिवस गुलाबीसर डाग लागायला लागला आणि ती रडवेली होऊन मॅडमकडे गेली. टाके शाबूत होते, विरघळताना असं थोडं जातं म्हणाल्या, पण सोबत आलेल्या सगळ्यांना बसवून सांगितलं, पोटावर काप नाही म्हणजे आत काही झालं नाही असं समजू नका, सहा ते आठ आठवडे वजन नाही, संबंध नाहीत, कुंथायचं नाही. आणि लालभडक रक्त गेलं, घाण वास आला, ताप आला, पाण्यासारखं सतत ठिबकायला लागलं, कुशीत दुखलं किंवा एका पायाची पोटरी सुजली तर वाट बघायची नाही, सरळ यायचं. हे शेवटचं मलाही माझ्या डॉक्टरांनी शब्दशः तसंच सांगितलेलं.

ओव्हरीचं लोक नेहमी गोंधळ करतात म्हणून तेवढं सांगते. पिशवी काढली म्हणजे ओव्हरी काढल्याच असं नाही, आणि ओपन की दुर्बीण याच्याशी त्याचा काही संबंधही नाही. माझ्या दोन्ही ठेवल्या, बीजनळ्या (ओव्हरीपासून पिशवीपर्यंत जाणाऱ्या) मात्र दोघींच्याही काढल्या कारण ओव्हरीचे म्हणतात त्यातले बरेच कॅन्सर मुळात नळीच्या टोकाशी सुरू होतात असं आता दिसतंय. बहिणीची सिस्टवाली एक काढली, दुसरी ठेवली. पाळी जायच्या आधीच दोन्ही काढल्या तर रजोनिवृत्ती एका रात्रीत येते, घाम, झोप उडणं, पुढे हाडं. त्या इंजेक्शनने मला त्याची झलक मिळालीच होती, त्यामुळे "सगळं काढूनच टाका" म्हणणाऱ्या मावशींचं मी ऐकलं नाही.

बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत दोघींचाही जीव टांगणीला. माझ्यात साधे फायब्रॉइड, पिशवीचं वजन ८५० ग्रॅम. नेहमीची साधारण ७० ग्रॅमच्या आसपास असते. ते वाचून बहीण म्हणाली, "ताई, हे तुला एक सेंटीमीटरच्या भोकातून काढायचं होतं?"

फॉलोअपला आतले टाके तपासून वजन उचलायची आणि बाकी सगळ्याची परवानगी आम्हा दोघींना ऑपरेशननंतर जवळजवळ तेवढ्याच आठवड्यांनी मिळाली. कामावर ती माझ्या कितीतरी आधी गेली होती. माझ्या कापाच्या वर एक पट्टा अजून बधिर आहे, हात लावला तर दुसऱ्या कोणाच्या कातडीला लावल्यासारखं वाटतं, डॉक्टर म्हणतात बारीक नसा कापल्या जातात, येईल हळूहळू, नाहीतर थोडं राहीलही. तिची बेंबीजवळची खूण खाजते. बाकी पाळीची तारीख लक्षात ठेवायचं काम दोघींचंही संपलं.